वीस प्लेट्स जास्त

जयप्रकाश तारळेकर आयुष्यात एकदाच कमी पडला होता, आणि त्याचा त्यानं इतका धसका घेतला की पुढे सगळं आयुष्य तो जास्तच पडत राहिला.

आणीबाणी उठली त्या वर्षी तो सांगलीत जन्मला. वडील शाळामास्तर, तत्त्वाचे पक्के. त्यांनी हौसेनं मुलाचं नाव जयप्रकाश ठेवलं आणि मुलाकडून क्रांतीची अपेक्षा केली. मुलगा मोठा होऊन दुधाचं तापमान मोजायला लागला. सांगलीतच इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याजवळच्या एका डेअरी प्लांटमध्ये चिकटला. तिथं त्यानं डिझाइन केलेला पहिलाच कूलर ऐन मे महिन्यात कमी पडला. दूध जितकं गार व्हायला हवं होतं तितकं झालं नाही, आणि एका दुपारी टाकीभर दूध नासलं. प्लांट मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तारळेकर, तुमच्या घरी पाव्हणे आले की अर्धाच कप चहा देता का?"

हे त्याला फार लागलं. त्याची आई रोज दोन भाकऱ्या जास्त थापायची. येईल कोणीतरी, म्हणायची. अशा घरातल्या माणसाला कोणी असं बोलावं? त्या दिवसापासून जयप्रकाशनं ठरवलं की काही झालं तरी कमी पडायचं नाही.

आता त्याचा धंदा काय होता ते सांगायला हवं. प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणजे तसं सोपं प्रकरण. स्टेनलेस स्टीलचे पातळ, नागमोडी घड्या पाडलेले पत्रे एकामागे एक उभे करायचे, प्रत्येकाच्या कडेनं रबराचं गास्केट बसवायचं, दोन्ही टोकांना जाड पाट्या लावायच्या आणि लांबलचक बोल्टांनी सगळा गठ्ठा आवळायचा. एका फटीतून दूध जातं, शेजारच्या फटीतून गरम पाणी. दोघांची भेट कधी होत नाही, ऊब तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते. एखादा कवी असता तर इथंच डोळे पुसत बसला असता. जयप्रकाशला यात काव्यबिव्य दिसत नसे. पत्रे किती, एवढाच त्याचा प्रश्न. कॉम्प्युटर एक आकडा सांगतो आणि त्यावर डिझाइन करणारा आपल्या अंदाजानं थोडे वाढवतो. कणीक भिजवताना मूठभर जास्त घ्यावी, तसं. सगळेच वाढवतात. जयप्रकाशची मूठ जरा मोठी होती इतकंच.

दोन हजार सातमध्ये तो नेदरलँड्सला आला, ब्रेडाच्या एका लहानशा कंपनीत. बायको ऋजुता बरोबर आली. तिनं वर्षभरात डच शिकून घेतलं, मग रॉटरडॅमला एका शिपिंग कंपनीत नोकरी धरली आणि पुढे काही वर्षांनी तिकडेच राहायला गेली. भांडण असं झालं नाही. भांडायलाही दोन माणसांना एका खोलीत यावं लागतं. जयप्रकाशनं तिला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं, मोकळीक तर इतकी दिली होती की घरात दुसरं कोणी आहे की नाही हेच तिला कळेनासं झालं. जाताना तिनं एवढंच विचारलं, "तू मला एकदा तरी उगाच फोन केलास का रे?"

त्याला प्रश्नच कळला नाही. उगाच कशाला करायचा? लहानपणी त्यांच्या आळीत एकच फोन होता, तोही शेजारच्या वखारीत. वडील मनगटावरच्या घड्याळावर डोळा ठेवून तीन मिनिटं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. फोन निरोपासाठी असतो, गप्पा मारायच्या तर पारावर जा, असं त्यांचं म्हणणं. जयप्रकाशनं हे शहाण्या मुलासारखं ऐकलं. काम असलं तर फोन, नसलं तर नाही. आईवडील गेल्यावर कामंही संपली. ब्रेडात पार नव्हता.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. ऑफिस बंद झालं. जयप्रकाशनं आपला मॉनिटर चादरीत गुंडाळला, सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधला आणि एका हातानं धरत पाऊण तास चालत घरी आणला. दोन आठवड्यांची गोष्ट, असं सगळे म्हणत होते. पुढे दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, उन्हाळा गेला, झाडं बोडकी झाली, आणि मॉनिटर तिथंच जेवणाच्या टेबलावर राहिला. सकाळी नऊला स्क्रीनवरच्या चौकोनांत आठ चेहरे यायचे आणि साडेनऊला जायचे. त्यानंतर दिवसभरात त्याच्याशी बोलायचं ते फक्त सुपरमार्केटमधलं पैसे घेणारं मशीन. पुढे हिवाळ्यात दुकानं बंद झाली आणि दिवसाला घरी एकच पाहुणा, असा सरकारनं नियम केला. लोक फार चिडले. जयप्रकाशनं बातमी ऐकली आणि हिशेब केला, तर त्याचा अख्ख्या वर्षाचा कोटा शिल्लक होता. भात मात्र तो दोघांचाच लावायचा. हाताला सवय. उरलेला दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीला टाकायचा. ते वर्ष त्यानं फोडणीच्या भातावर काढलं म्हटलं तरी चालेल.

हार्मचा पहिला फोन आला तो डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, दहाच्या ठोक्याला.

"मोई," पलीकडून खरखरीत आवाज आला. उत्तरेत ग्रोनिंगनकडची माणसं नमस्कार असा करतात हे जयप्रकाशला तेव्हा माहीत नव्हतं. पुढचं मात्र नीट कळलं, कारण डच माणूस तक्रार करताना शब्द वाया घालवत नाही. हार्मचा ग्रोनिंगनच्या पलीकडे एका खेड्यात चाळीस गायींचा गोठा आणि आजोबांच्या वेळेपासूनचा चीजचा छोटा कारखाना होता. दूध बहात्तर डिग्रीपर्यंत तापवायला त्यानं ऑक्टोबरात जयप्रकाशच्या कंपनीचं मशीन बसवलं होतं. असलं मशीन रोज आतल्या आत धुवायचं असतं, उघडायची पाळी वर्षातून एखादे वेळी. हार्मला दर आठवड्याला उघडावं लागत होतं. पत्र्यांवर दुधाची खरपुडी धरत होती. दर गुरुवारी तो आणि त्याची बायको खेर्दा एकसष्ट पत्रे एकेक करून ब्रशनं घासत होते. सर्व्हिसची माणसं येऊ शकत नव्हती, म्हणून कंपनीनं त्याला डिझायनरचाच नंबर देऊन टाकला होता.

जयप्रकाशनं माफी मागितली, चार प्रश्न विचारले, पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलू म्हणाला. पुढच्या शुक्रवारी पाच मिनिटं पत्र्यांची झाली आणि चाळीस मिनिटं इतर. हार्म सासष्ट वर्षांचा. बाजार बंद, चर्च बंद, पत्त्यांचा अड्डा बंद, त्यामुळे त्याच्याजवळ पुष्कळ बोलणं साचलं होतं. कुठली गाय लाथा मारते, खेर्दा रेडिओवर काय ऐकते, शेजाऱ्यानं कुंपण कसं आत सरकवलंय. फडक्यात दही टांगून त्यातलं पाणी गाळायची रीत त्यांच्याकडेही आहे हे ऐकून जयप्रकाशला इतका आनंद झाला की त्यानं श्रीखंडाची कृती वेलचीसकट सांगितली. हार्मनं ती लिहून घेतली. वेलची कुठं मिळेल, असंही विचारलं.

नाताळ गेला, नवीन वर्ष आलं, आणि शुक्रवार हा जयप्रकाशचा सण झाला. गुरुवारी रात्रीच तो शर्टाला इस्त्री करून ठेवी. फोनवरून इस्त्री दिसत नाही हे त्याला कळत होतं, तरी करी. पावणेदहाला कॉफी करून खिडकीशी बसायचा. दहाला फोन वाजला की दोन रिंग होऊ द्यायच्या आणि मग उचलायचा. फार उतावीळ दिसायला नको ना.

जानेवारीच्या शेवटी शेवटी एका शुक्रवारी हार्म सहज म्हणाला की खरपुडी मऊ असते, सायीसारखी, नखानं निघते, आणि मधल्या पत्र्यांवर जास्त असते. फोन ठेवल्यावर जयप्रकाशनं त्या मशीनची फाइल उघडली. कॉम्प्युटरनं सांगितलेले पत्रे एकेचाळीस. त्यापुढे त्यानंच टाइप केलेलं: अधिक वीस.

त्याला पाच मिनिटांत सगळं लख्ख कळलं. पत्रे वाढवले की दुधाला जायला वाटा वाढतात. तेवढंच दूध जास्त वाटांनी विभागलं की प्रत्येक वाटेत ते रेंगाळतं. वेगानं जाणारं दूध पत्रा स्वतःच घासत जातं. रेंगाळणारं दूध गरम पत्र्याला चिकटतं, करपतं. त्यानं कमी पडू नये म्हणून घातलेले वीस पत्रेच दुधाचा गळा धरून बसले होते. उपाय तासाभराचा. वीस पत्रे काढा, गठ्ठा पुन्हा आवळा, झालं.

आणि मग हार्म फोन कशाला करील?

हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटूनही विचार गेला नाही. पुढच्या शुक्रवारी सांगू, त्यानं ठरवलं. पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, गरम पाणी दोन डिग्रीनं उतरवून बघा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी धुण्याचा सोडा थोडा वाढवायला सांगितला. दोन्ही सल्ले चुकीचे नव्हते, दोन्ही निरुपयोगी होते. इतकं सफाईदार खोटं फक्त हुशार इंजिनिअरच बोलू शकतो. फेब्रुवारीत बर्फ पडलं, कालवे गोठले, आणि हार्मनं एका शुक्रवारी बर्फावर उभं राहून फोन केला. दूरवर कोणीतरी स्केटिंग करत होतं, त्याची कर्र कर्र त्यानं जयप्रकाशला ऐकवली. जयप्रकाश ब्रेडात तिसऱ्या मजल्यावर डोळे मिटून ऐकत राहिला. त्या दिवशी सांगायचं त्याला आठवलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर आठवलं होतं.

महिनाअखेरीस हार्म म्हणाला की घासून घासून खेर्दाचं मनगट सुजलंय. जयप्रकाशनं काळजीनं विचारपूस केली, डॉक्टरला दाखवलं का म्हणून विचारलं, आणि गप्प राहिला. असे एकूण सात शुक्रवार गेले, त्यातला शेवटचा तेवढा सांगायचा राहिलाय.

त्याच्या आदल्या दिवशी शिवांगीचा कॉल आला. ही पुण्याची मुलगी, ग्रोनिंगनला शिकलेली, वर्षभरापूर्वी कंपनीत लागलेली. दोघांनी एकमेकांना चौकोनाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात सगळे त्याला जेपी म्हणत, पण मराठी मुलीच्या तोंडून नुसतं जेपी कसं निघणार?

"जेपी सर, एक डाउट होता," ती म्हणाली. "त्या चीजवाल्यांची कम्प्लेंट बघत होते. सॉफ्टवेअर एकेचाळीस प्लेट्स दाखवतंय आणि आपण एकसष्ट पाठवल्यात. फ्लो स्लो होऊन फाउलिंग, म्हणजे ती खरपुडी, होत असेल का? म्हणजे, तुम्हाला दिसलंच असेल."

"दिसलं होतं."

"अच्छा. कधी?"

"जानेवारीत."

चौकोनात शिवांगी नुसती पापण्या मिटत-उघडत बसली. मग हळूच म्हणाली, मेल ड्राफ्ट करू का. नको, उद्या मीच सांगतो, असं त्यानं सांगितलं. बापाच्या वयाच्या माणसानं पोरीच्या वयाच्या मुलीसमोर मान खाली घातली होती, आणि कॅमेरा चालू होता.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला. जयप्रकाशनं पहिल्याच रिंगला उचलला. पण आधी बोलला हार्म. त्यानं शांतपणे सांगितलं की एक एप्रिलपासून कारखाना बंद करतोय. दूध मोठ्या फॅक्टरीला घालणार. खेर्दाला आता घासवत नाही आणि एकट्याला झेपत नाही. आजोबांनी सुरू केलं होतं, ठीक आहे, कधीतरी संपायचंच. तुझा दोष नाही, तू खूप प्रयत्न केलास, असंही वर म्हणाला.

"मंगळवारी मी येतो," जयप्रकाश म्हणाला. "काही बंद करू नका."

मंगळवारी तो कंपनीची व्हॅन घेऊन अडीच-तीन तास उत्तरेकडे गेला. बरोबर पाने, मोजपट्टी, चहाचा थर्मास आणि पोळीभाजीचे दोन डबे. दुसरा कोणासाठी, ते विचारू नका. हार्म फोनवरच्या आवाजापेक्षा बराच लहान निघाला, बुटका आणि वाकलेला. खेर्दा मनगटाला पट्टी बांधून दारात उभी होती. टेबलावर कॉफीचा थर्मास आणि तीन कप मांडलेले होते. आधी काम, मग कॉफी, हार्म म्हणाला.

बोल्ट आडवेतिडवे, आळीपाळीनं सैल करत दोघांनी गठ्ठा उघडला. गठ्ठ्याच्या अंगावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी एक तिरपी निळी रेघ असते, पत्र्यांचा क्रम चुकू नये म्हणून कारखान्यातच मारलेली. जयप्रकाश मधले पत्रे जोडीजोडीनं उतरवायला लागला. वीस झाल्यावर थांबला आणि उरलेले एकमेकांशी सरकवले. रेघ मधोमध तुटलेली दिसायला लागली.

"इतके काढायचे?" हार्मनं विचारलं. "मग घातले होते कशाला?"

"कमी पडू नये म्हणून. त्यानंच दूध रेंगाळत होतं. चूक माझी आहे."

"हं. आणि हे कधी कळलं तुला?"

परवा, असं म्हणता आलं असतं. हार्मनं विश्वास ठेवला असता, पाठीवर थापही मारली असती. एका शब्दाचं काम होतं. जयप्रकाशनं हातातला पाना खाली ठेवला.

"जानेवारीत."

"आज मार्च आहे."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"दुरुस्त झालं असतं तर तुम्ही फोन केला नसता."

हार्मनं त्याच्याकडे बघितलं. मग उतरवलेल्या पत्र्यांकडे, मग बायकोच्या मनगटाकडे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सात आठवडे ती घासतेय," तो म्हणाला. "बोलायचं होतं तर फोन करायचास. माझं दूध कशाला जाळलंस?"

खेर्दानं टेबलावरचा थर्मास उचलला आणि आत नेला. कप तेवढे राहिले.

उरलेलं काम दोघांनी न बोलता केलं. एकशे त्र्याऐंशी मिलिमीटरचा गठ्ठा आवळून एकशे तेवीसवर आणला. जयप्रकाशनं जुनी रेघ पुसून नवी मारली. दूध सोडलं. तापमानाचा काटा चढत चढत बहात्तरवर गेला आणि तिथंच टेकून राहिला, जरासुद्धा हलला नाही. एकेचाळीस पत्रे पुरत होते. पहिल्यापासून पुरत होते. हार्मनं मान हलवली आणि गायींकडे निघून गेला. परतीच्या वाटेवर वीस पत्रे व्हॅनच्या मागच्या बाजूला ब्रेडापर्यंत खणखणत राहिले. एका ठिकाणी थांबून त्यानं एक डबा खाल्ला, दुसऱ्याचं झाकण उघडलं नाही.

पुढच्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो खिडकीशी बसला. दहा वाजले. फोन वाजला नाही, आणि वाजणार नाही हे त्याला माहीत होतं. मशीन चालत असणार, म्हणजे तक्रार नाही, म्हणजे फोन नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. चौकोनातून शिवांगीनं विचारलं, सर, झालं का ते चीजवाल्यांचं? झालं, तो म्हणाला. तिनं फाइल बंद केली. इतकं एकटं त्याला गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं, ऋजुता गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान त्याला प्रश्न कळला नव्हता.

तिसरा शुक्रवार दोन एप्रिलला आला. एक तारीख उलटून गेली होती. हार्मनं कारखाना ठेवला की मोडला हे जयप्रकाशला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला तोंड नव्हतं. पावणेदहाला त्यानं एक कागद घेतला आणि त्यावर कामं लिहिली. गास्केट तपासली का? बोल्टांना तेल? वॉरंटीचा फॉर्म? तीन कामं, तीन मिनिटं, वडिलांच्या घड्याळात बसतील एवढी. कागदाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं तो उलटा करून ठेवला आणि नंबर फिरवला.

पाच-सहा रिंगनंतर फोन उचलला गेला. मागे पंपाची घरघर चालली होती, आणि भांड्यांचा आवाज. म्हणजे कारखाना चालू होता.

"मोई," खरखरीत आवाज म्हणाला.

"मोई. जयप्रकाश बोलतोय."

"काय बिघडलं?"

"काही नाही. काहीच बिघडलं नाही."

"मग?"

वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी, न कधी मराठीत म्हटलेलं, न डचमध्ये, ते जयप्रकाश म्हणाला.

"सहज केला."

पलीकडे नुसता पंप ऐकू येत होता. फोन ठेवला की काय, असं वाटून त्यानं स्क्रीनकडे बघितलं. मग तिकडे कोणीतरी खुर्ची ओढली.

"थांब," हार्म म्हणाला. "कॉफी ओतून घेतो."